नव्या वनस्पतीचे नामकरण आणि औषधद्रव्याची निश्चिती

‘रास्ना’ एवढाच शब्द लिहून काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याकडे मागणी नोंदविली, तर हाती काय येईल हे बहुतांशी प्रांतावर अवलंबून असते. उत्तर भारतात या नावाने प्लुचिया लॅन्सिओलाटा ही वनस्पती दिली जाते, दक्षिणेत अल्पिनिया गलांगा म्हणजे कोष्टकुलिंजनाचे कंद मिळतात, तर बंगालमध्ये झाडावर वाढणाऱ्या व्हँडा या ऑर्किडची मुळे रास्ना म्हणून वापरात आहेत. ही तिन्ही द्रव्ये तीन निरनिराळ्या कुलांतील आहेत. ग्रंथ एक, पाठ एक, प्रमाणही एक. तरीही तीन प्रांतांत सिद्ध होणारा महारास्नादि क्वाथ हा वस्तुतः तीन वेगळे क्वाथ असतो.

संदिग्ध द्रव्यांचा हा प्रश्न वैद्यवर्गास नवा नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांची खरी यादी वनस्पतिशास्त्रीय नावांसह व प्रमाणांसह देणे बंधनकारक आहे, त्यामागेही हेच कारण आहे. ही दोन शब्दांची नावे आपण ग्रंथांतून किंवा भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातून उतरवून घेतो. परंतु ती येतात कोठून, ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एखादे नाव बरोबर की चूक हे कशावरून ठरते आणि पाठ झालेली नावे मधूनच का बदलतात, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात नव्या वनस्पतीचे वर्गीकरण व नामकरण कसे होते, याची माहिती देण्याचा व तिचा आपल्या दैनंदिन व्यवहाराशी असलेला संबंध दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

निघंटूतील नाव आणि वनस्पतिशास्त्रातील नाव

आपल्या निघंटुकारांनी नावांचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. नरहरी पंडितांच्या राजनिघंटूत द्रव्यांच्या नावांचे सात आधार सांगितले आहेत: रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. गुडूचीला ‘अमृता’ म्हणताना तिचा प्रभाव सांगितला जातो, ‘चक्रलक्षणा’ म्हणताना तिच्या कांडाच्या आडव्या छेदात दिसणारी चक्राकार रचना सांगितली जाते. म्हणजे निघंटूतील प्रत्येक पर्याय हे त्या द्रव्याचे छोटेसे वर्णनच आहे. पंधरा पर्याय एकत्र ठेवले की द्रव्याचे रूप, गुण आणि कर्म यांचे चित्र उभे राहते. स्मरणासाठी व चिकित्सेसाठी ही पद्धत अतुलनीय आहे.

मात्र वर्णनात्मक नावाची एक अंगभूत मर्यादा असते. वर्णन ज्यास ज्यास लागू पडेल, त्यास त्यास ते नाव चिकटू शकते. शंखासारखे पांढरे फूल अनेक वनस्पतींना असते; म्हणून कोठे कन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे इव्हॉल्व्ह्युलस, कोठे कॅन्स्कोरा, तर कोठे गोकर्णी ‘शंखपुष्पी’ म्हणून वापरली जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, रानात वावरणारे गुराखी वनौषधींना नावाने व रूपाने ओळखतात, परंतु केवळ तेवढ्याने औषधाचे ज्ञान पूर्ण होत नाही. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या काळी वैद्य स्वतः किंवा त्याचा शिष्य रानात जात असे, त्या काळी नाव आणि रूप यांची सांगड माणसांच्या परंपरेने घातली जात होती. आज वैद्याकडे येते ते वाळलेले, तुकडे केलेले, पुष्कळदा भरड स्वरूपातील द्रव्य. रूप हरपले आहे आणि नाव तेवढे उरले आहे. अशा वेळी नावास रूपाशी बांधून ठेवणारी दुसरी व्यवस्था हवी. वनस्पतिशास्त्रीय नामकरण ही तशी व्यवस्था होय.

कोकणी वैद्यांपासून लिनियसपर्यंत

या व्यवस्थेच्या इतिहासात आपल्या वैद्यांचाही वाटा आहे. कोचीनचे डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान र्‍हीड यांनी मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने व चित्रे ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात संकलित केली. हे खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले. या कामी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी साहाय्य केले. या तिघांनी नागरी लिपीत कोकणीतून लिहून दिलेले १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

पुढे स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या वेळी मलबारच्या अनेक वनस्पतींसाठी त्यांच्यासमोर र्‍हीडची चित्रेच होती. वेलदोड्याच्या एलेटारिया या शास्त्रीय नावातील शब्दही मुळात मलबारकडचाच आहे.

लिनियसपूर्वी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वाक्य असे. नवी जाती सापडली की वेगळेपणासाठी त्या वाक्यात आणखी शब्द घालावे लागत. लिनियसने प्रत्येक वनस्पतीस दोनच शब्द दिले: पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. वर्णन निराळे आणि नाव निराळे ही त्यातील क्रांतिकारक कल्पना होय. नाव ही केवळ खूण ठरली. तिने वर्णन करण्याची गरज उरली नाही. म्हणून आजही वनस्पतींच्या नावांचा अधिकृत आरंभ १ मे १७५३ हा मानला जातो. त्यापूर्वीची नावे, कितीही मान्यवर असोत, नामकरणाच्या हिशेबात धरली जात नाहीत.

नवी जाती कशी ठरते?

एखादी वनस्पती ओळखीची वाटत नाही, एवढ्याने ती नवी ठरत नाही. प्रथम तिचे नमुने फुले, शक्य तर फळे व भूमिगत भाग यांसह गोळा केले जातात. वाळल्यावर नाहीसे होणारे तपशील, म्हणजे फुलाचा रंग, गंध, चीक, झाडाची उंची, अधिवास, जागेवरच टिपून ठेवावे लागतात. नमुने दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटविले जातात व हर्बेरियममध्ये, म्हणजे शुष्क वनस्पतींच्या संग्रहात, ठेवले जातात. हावड्याचे केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम, पुण्याचे भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय हर्बेरियम आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम ही अशी संग्रहालये होत.

त्यानंतर तुलनेचे काम सुरू होते. त्या प्रदेशाचे वनस्पतिवर्णन, उदाहरणार्थ थिओडोर कुक यांचे १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेले मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ, पाहिले जाते. जवळच्या सर्व जातींचे मूळ नमुने तपासले जातात. ते लंडनमधील क्यू येथे किंवा अन्य देशांतही असू शकतात. दिसणारा फरक माती, सावली, वय यांमुळे पडलेला आहे की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा आहे, हे अनेक झाडे पाहून ठरवावे लागते. एकाच लक्षणावर सहसा विसंबत नाहीत; फुलाची रचना, परागकण, गुणसूत्रांची संख्या, डीएनए असे अनेक पुरावे एकाच दिशेने जात असतील तर नवी जाती मानली जाते. तरीही ‘ही वेगळी जाती आहे’ हे विधान शास्त्राच्या दृष्टीने एक अनुमानच असते. पुढील संशोधक अधिक पुरावा देऊन ते नाकारू शकतो.

निर्णय झाल्यावर नामकरण होते. ते वनस्पती, शैवले व कवके यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार करावे लागते. (प्राण्यांसाठी स्वतंत्र संहिता आहे.) ही संहिता आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत सुधारली जाते. २०२४ च्या माद्रिद परिषदेनंतरची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. संहितेच्या प्रमुख अटी पुढीलप्रमाणे आहेत. नाव दोन शब्दांचे व लॅटिन घडणीचे असावे. सोबत वर्णन किंवा जवळच्या जातींपासूनची विभेदक लक्षणे द्यावीत. १९३५ पासून २०११ अखेर ती लॅटिनमध्येच द्यावी लागत, २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालते. एक मूळ नमुना निश्चित करावा व तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे ते लिहावे. हे सर्व नियतकालिकात किंवा ग्रंथात रीतसर प्रसिद्ध झालेले असावे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणतेही सरकार अथवा मंडळ नव्या वनस्पतीच्या नावास मंजुरीचा शिक्का देत नाही. अटी पूर्ण करून नाव प्रसिद्ध झाले की ते नियमानुसार अस्तित्वात येते. ते टिकते की नाही, हे इतर अभ्यासक ठरवितात.

आपल्याकडील दोन उदाहरणे

कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर आढळलेली कंदीलपुष्पाची एक नवी जाती २०२३ मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ या नावाने प्रसिद्ध झाली. सेरोपेजिया ही प्रजाती लिनियसच्या काळापासून ठाऊक आहे. तिची फुले कंदिलासारखी असतात व अनेक जातींना भूमिगत कंद असतात. दुसरा शब्द छत्रपती शिवाजी महाराजांच्या गौरवार्थ योजला आहे. व्यक्तीच्या नावास लॅटिन प्रत्यय लावून असा शब्द घडविता येतो. स्थळ, लक्षण, स्थानिक नाव यांवरूनही तो घेता येतो. संशोधकाने स्वतःचे नाव देऊ नये, हा मात्र संकेत आहे.

दुसरे उदाहरण आपल्या कोठारातील आहे. आज पांढरी मुसळी म्हणून ज्या वनस्पतीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते, तिचे नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. त्यातील दुसऱ्या शब्दात मुंबईच्या बोरिवलीचे नाव आहे. रेव्हरंड फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी ही जाती १९५० च्या दशकात शास्त्रास नवी म्हणून वर्णिली. म्हणजे जे द्रव्य लोक पूर्वीपासून खणून आणीत होते, ते वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी स्वतंत्र जाती म्हणून नोंदले गेले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वी व नंतरही ‘सफेद मुसळी’ या नावाखाली क्लोरोफायटमच्या अन्य जाती, इतकेच नव्हे तर शतावरीच्या प्रजातीतील ॲस्पॅरागस ॲडसेंडेन्स याची मुळेही विकली गेली आहेत. जुन्या ग्रंथातील मुसळीचे वर्णन वाचून आजच्या लागवडीच्या मुसळीवर गुणधर्म लादताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावयास हवी. ‘नवी जाती’ याचा अर्थ निसर्गात नव्याने निर्माण झालेली वनस्पती असा नसून, शास्त्राने नव्याने वेगळी ओळखलेली वनस्पती असा आहे.

नावाची खुंटी: मूळ नमुना

संहितेतील सर्वांत महत्त्वाची कल्पना म्हणजे मूळ नमुना, ज्यास वनस्पतिशास्त्रात ‘प्ररूप’ म्हणतात. प्ररूप हा त्या जातीचा सर्वांत उत्तम अथवा आदर्श नमुना असतोच असे नाही. तो फक्त एवढेच सांगतो की हे नाव या वाळलेल्या फांदीचे आहे. उद्या जातीच्या सीमा कमीजास्त झाल्या, तरी ज्या सीमेत ती फांदी पडेल तिकडे ते नाव जाईल. नाव हे वर्णनास नव्हे, तर वस्तूस बांधलेले असते. निघंटूतील नाव आणि वनस्पतिशास्त्रीय नाव यांतील खरा भेद हाच होय.

याचा परिणाम आपल्या कुटजावर झाला आहे. लिनियसने ‘नेरियम अँटिडिसेंटेरिकम’ असे नाव दिले. त्यातील दुसरा शब्द प्रवाहिकेवरील गुणाचा निदर्शक असल्याने तो कुटजाचाच असणार असे सर्वांनी गृहीत धरले व ‘होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका’ हे नाव आपल्या ग्रंथांत रूढ झाले. परंतु लिनियसच्या नावामागील नमुना श्रीलंकेतील होता आणि तो रायटिया या भिन्न प्रजातीचा ठरला. त्यामुळे लिनियसचे ते नाव आज ‘रायटिया अँटिडिसेंटेरिका’ या वनस्पतीकडे गेले असून, आपला कुडा ‘होलॅऱ्हेना प्युबेसेन्स’ या नावाने ओळखला जातो. नावात गुण लिहिलेला होता, तरी निर्णय वाळलेल्या नमुन्याने दिला. बाजारातही याच दोन प्रजातींचा घोळ होतो, हे आपण जाणतोच. पांढऱ्या कुड्याच्या जागी काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया येतो. कडू इंद्रजवाच्या जागी गोड इंद्रजव येतो.

अशोकाची कथाही अशीच आहे. पुष्कळ जुन्या पुस्तकांत अशोकाचे नाव ‘सराका इंडिका’ असे आढळते. नावात ‘इंडिका’ असल्यामुळे शंका येण्याचे कारण नव्हते. परंतु लिनियसने १७६७ मध्ये दिलेले हे नाव जावाकडील वृक्षाचे होते. १९६० च्या दशकात या प्रजातीचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा भारतातील अशोक हा त्याहून वेगळा असल्याचे स्पष्ट झाले. रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये विल्यम जोन्स यांच्या सन्मानार्थ ‘जोनेसिया असोका’ असे नाव आपल्या अशोकास दिले होते. त्यातील दुसरा शब्द घेऊन आज ‘सराका असोका’ हे नाव वापरले जाते. लेबलावर अद्याप ‘सराका इंडिका’ छापणारे निर्माते नकळत दुसऱ्या देशातील वृक्षाचे नाव देत असतात.

नावे का बदलतात?

‘वनस्पतिशास्त्रज्ञ वारंवार नावे बदलतात, मग त्यांवर विसंबायचे कसे?’ असा प्रश्न वैद्यवर्गाकडून नेहमी येतो. बदलाची कारणे मोजकी आहेत व ती समजली की त्रास पुष्कळ कमी होतो.

पहिले कारण अग्रक्रम. एकाच जातीस दोघांनी दोन नावे दिली, तर आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. गुग्गुळाला आर्नॉट यांनी १८३९ मध्ये रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून ‘वाइटिआय’ हा शब्द दिला. ‘मुकुल’ हा शब्द स्टॉक्स यांच्या लेखनातून १८४९ मध्ये आला. ‘मुकुल’ आपल्या कानाला जवळचा असला तरी दहा वर्षांनी उशिरा आला, म्हणून ‘कॉमिफोरा वाइटिआय’ हे नाव ग्राह्य ठरते. दोन्ही नावे एकाच वृक्षाची आहेत. एका बिलावर एक व दुसऱ्यावर दुसरे आढळल्यास माल वेगळा समजू नये.

दुसरे कारण वर्गीकरणातील बदल. लिनियसने अश्वगंधेस १७५३ मध्ये ‘फायसॅलिस’ या प्रजातीत ठेवले होते. ड्युनाल यांनी १८५२ मध्ये ती ‘विथानिया’त हलविली. प्रजाती बदलली, ‘सोम्निफेरा’ हा जातीचा शब्द तसाच राहिला. म्हणून तिचे संपूर्ण नाव ‘विथानिया सोम्निफेरा (लि.) ड्युनाल’ असे लिहितात: कंसात मूळ नामकर्ता, कंसाबाहेर स्थलांतर करणारा. या कंसातच त्या नावाचा इतिहास साठविलेला असतो. अशोकाच्या नावाखाली रस्त्याकडेच्या ज्या उंच, सरळ झाडाची साल भेसळीत येते, ते ‘पॉलिअल्थिया लाँगिफोलिया’ २०१२ पासून ‘मोनून लाँगिफोलियम’ झाले आहे. प्रजातीच्या नावाचे लिंग बदलले म्हणून दुसऱ्या शब्दाचा शेवटही बदलला. शब्द मात्र तोच आहे. शतावरी व मुसळी ही पूर्वी पलांडूच्या विस्तृत कुलात धरली जात. डीएनएवर आधारित नव्या वर्गीकरणात ती ॲस्पॅरागेसी कुलात गेली. कुल बदलल्याने जातीच्या नावास काहीच बाध आला नाही.

तिसरे कारण अपवादाने जपलेली नावे. अग्रक्रमाचा नियम काटेकोर लावल्यास फार मोठा गोंधळ होत असेल, तर परिषद एखादे नाव राखून ठेवू शकते. अकेशिया या विशाल प्रजातीचे विभाजन करण्याची वेळ आली, तेव्हा तिचा प्रातिनिधिक नमुना आपल्या बाभळीचाच होता. परंतु ऑस्ट्रेलियातील शेकडो जातींची नावे बदलू नयेत म्हणून २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऑस्ट्रेलियन जातीस तो मान देण्यात आला व २०११ मध्ये मेलबर्न येथे तो निर्णय कायम झाला. या निर्णयावर तीव्र मतभेद झाले. परिणामी बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’ आणि खदिर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला. खदिराच्या सालीत किंवा सारात यामुळे काहीही फरक पडलेला नाही.

सारांश, नाव बदलले तरी नव्या नावापासून जुन्या नावापर्यंत व तेथून मूळ नमुन्यापर्यंत जाण्याची वाट कागदोपत्री कायम असते. लोकभाषेतील नावांना अशी वाट नसते.

नाव चुकते तेव्हा

या सर्व खटाटोपाचे मोल कळण्यासाठी बेल्जियममधील घटना पुरेशी आहे. ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयात वजन कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत १९९० पासून स्टेफानिया टेट्रँड्रा ही चिनी वनस्पती घालण्याचे ठरले. चिनी व्यवहारात तिला ‘हान फांग जी’ म्हणतात; ‘ग्वांग फांग जी’ नावाची दुसरी वनस्पती म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची होय. दोहोंचे लघुनाम ‘फांग जी’. स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया पुरविली गेली. १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात पहिला वृत्तांत आला. पुढे शंभराहून अधिक रुग्णांना, त्यांतील बहुतेक स्त्रिया, वृक्कविकार जडल्याचे आढळले. अनेकांची वृक्के निकामी झाली, तर काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. औषधपत्र लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, मात्राही ठरलेली होती. चूक झाली ती नावाच्या पातळीवर.

आपल्याकडे गुडूचीच्या बाबतीत असाच प्रश्न उभा राहिला. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर एकाएकी वाढला व यकृतविकाराच्या काही रुग्णांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. त्या संदर्भात आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्टीकरण देऊन टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच औषधी जाती असून, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे सांगितले. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात. ताजी वेल हाती असता हा भेद ध्यानात येतो. चूर्ण झाल्यावर तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रत्येक रुग्णाच्या यकृतविकाराचे कारण काय, हा वाद वैद्यकीय पुराव्याचा आहे. परंतु आपल्या कोठारातील गुळवेल कोणत्या जातीची होती हे ज्यास दाखविता येत नाही, त्यास त्या वादात गुडूचीची बाजूही मांडता येत नाही. जातिनिश्चितीचा कागद रुग्णाचे जसे रक्षण करतो, तसेच तो शास्त्राच्या लौकिकाचेही रक्षण करतो.

डीएनए परीक्षणाचा उपयोग व मर्यादा

वनस्पतींच्या ओळखीसाठी आरबीसीएल व मॅटके या दोन जनुकखंडांची शिफारस २००९ मध्ये झाली. त्यानंतर कच्च्या मालाची डीएनएद्वारे तपासणी करणे शक्य झाले. चूर्णातील जाती ओळखण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. तथापि तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. क्वाथ, घनसत्त्व, आसवारिष्ट यांत डीएनए खंडित किंवा नष्ट झालेला असतो, म्हणून ही परीक्षा कच्च्या मालावर करणे इष्ट. दुसरे म्हणजे यंत्र फक्त तुलना करते. ज्या संदर्भनमुन्याशी तुलना करावयाची, तो तज्ज्ञाने ओळखून हर्बेरियममध्ये ठेवलेला नसेल, तर यंत्रही चुकीच्या नावाचीच पुनरुक्ती करील. अर्थात नवीन तंत्रालाही शेवटी त्याच कागदावर चिकटविलेल्या फांदीचा आधार घ्यावा लागतो.

व्यवहारात काय करावे?

१) मागणीपत्र, आवक नोंदवही व लेबल या तिन्ही ठिकाणी संस्कृत नावासोबत संपूर्ण वनस्पतिशास्त्रीय नाव, प्रयोज्यांग आणि शक्य तेथे नामकर्त्याचे संक्षिप्त नाव लिहावे. केवळ ‘रास्ना’, ‘शंखपुष्पी’, ‘मुसळी’ एवढ्यावर मागणी नोंदवू नये.

२) ग्रंथातील जुने नाव व आजचे ग्राह्य नाव यांचा तक्ता प्रत्येक रसशाळेने करून ठेवावा. फार्माकोपियात दिलेले नाव कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असल्याने ते परस्पर बदलू नये. अंतर्गत दप्तरात नवे नाव शेजारी नोंदवावे.

३) लागवडीचा किंवा रानातून गोळा केलेला माल घेताना, निदान पहिल्या खेपेस, फुलांसह एक फांदी मागवून ती वाळवावी. तिच्यावर स्थळ, दिनांक व खेपेचा क्रमांक लिहावा आणि महाविद्यालयाच्या अथवा भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी. वर्तमानपत्राच्या घड्या आणि वजन ठेवण्यास दोन फळ्या, एवढ्याच साधनांत हे काम होते.

४) रुग्णावरील अनुभव अथवा शोधनिबंध प्रसिद्ध करताना वापरलेल्या द्रव्याच्या नमुन्याचा हर्बेरियम क्रमांक द्यावा. त्यावाचून दुसऱ्या वैद्यास तोच प्रयोग पडताळता येणार नाही.

५) कुष्ठासारख्या संरक्षित द्रव्यांच्या बाबतीत नावास कायद्याचेही वजन असते. ‘सॉस्युरिया कॉस्टस’ हे नाव वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जुने ‘सॉस्युरिया लाप्पा’ हे नाव लिहिल्याने त्या बंधनातून सुटका होत नाही.

प्रत्येक फार्मसीत वनस्पतिशास्त्रज्ञ नेमणे शक्य नाही हे खरे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान महाविद्यालय असते, तेथे वनस्पतिशास्त्राचा विभाग असतो आणि अशा कामात विद्यार्थ्यांना गोडीही वाटते. वैद्याने द्रव्याचा गुण सांगावा, वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याची जाती निश्चित करावी, व्यापाऱ्याने तीच जाती पुरवावी आणि निर्मात्याने तेच नाव लेबलावर छापावे, अशी साखळी उभी राहिल्यास संदिग्ध द्रव्यांच्या यादीतील निदान काही नावे आपल्या हयातीत कमी होतील. पूर्वी गुरू रानात नेऊन झाड दाखवीत असे. आज ते काम हर्बेरियममधील एका कागदाने करावयाचे आहे. तो कागद आपल्या संग्रही असावा, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.